नाव कोरलेलं पेन

क्लासिक हा शब्द आपल्याला उसना मिळालाय. उसन्या पातेल्याच्या बुडाशी मालकाचं नाव असतं. या शब्दाचंही बूड एकदा पालथं करून बघायला पाहिजे.

जुन्या रोममध्ये नागरिकांचे मालमत्तेप्रमाणे वर्ग पाडलेले होते. सगळ्यात वरच्या वर्गातला तो क्लासिकस. आणि ज्याच्याजवळ ना जमीन ना पैसा, राज्याला द्यायला फक्त पोटची पोरं, तो प्रोलेतारिउस. आपण सर्वहारा म्हणतो तो. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ऑलस गेलिअस नावाचा लेखक होऊन गेला. त्याच्या टिपणांच्या ग्रंथात प्रमाण लेखक कुणाला मानायचं याची चर्चा आहे, आणि तिथे हीच मोजपट्टी लावलीय. लेखक क्लासिकस असावा, प्रोलेतारिउस नसावा. साहित्यात हा शब्द शिरला तो असा, आपल्याला दाराबाहेर उभं करून.

बरं, मराठीत आपण काय म्हणतो? अभिजात. म्हंजे चांगल्या कुळात जन्मलेला. तिकडे मालमत्ता, इकडे जन्म. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले. मीही खाल्ला. भाषा माझीही आहे, का नाही खायचा? पेढा उतरला, शब्द मात्र घशात राहिला.

दोस्तहो, हे सगळं एका पेनावरून सुचलंय. जुनं फाउंटन पेन सुंदर का दिसतं, कुणाला दिसतं, आणि क्लासिक ठरवणारा कोण, एवढंच लिहायचंय.

पेन माझ्या आज्याचं. काळं, जाड, इबोनाइटचं, ड्रॉपरने शाई भरायचं. क्लिपवर कंपनीचं नाव होतं ते घासून गेलंय. टोपण दुसऱ्याच कुठल्या पेनाचं, आटे जमले म्हणून बसवलेलं. निब पोलादाची, तिच्यावरचा सोन्याचा मुलामा कडेकडेला उरलाय. आणि नळीवर कोरलेलं नाव. आज्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव, आडनाव. खाली साल, १९५७.

आजा सातारकडून आला आणि डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत भावकीच्या खोलीत राहिला. गिरणीत रिंग खात्यात लागला. साचेखात्यात पगार बरा, पण तिथे आपल्या माणसाला घेत नसत. धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचं सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागायचं. आपल्या ओठाला लागलेला धोटा दुसरा आपल्या तोंडाला कसा लावणार! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न युनियनपुढे रेटला होता. तरी आजा मुंबईत आला तेव्हाही साचेखात्याचं दार त्याच्यासाठी नव्हतंच.

दिवसा रिंग खातं, रात्री परळची रात्रशाळा. १९५७ साली आजा सातवी पास झाला आणि बोनसच्या पैशातून दादरला हे पेन घेतलं. परकीय चलन नाही म्हणून सरकारने परदेशी मालावर बंधनं घातलेली. पार्कर-शेफर म्हंजे साहेबाच्या खिशातली चीज. आपल्यासाठी इथल्याच कारखान्यांत लेथवर कातलेली इबोनाइटची पेनं. स्टेशनाबाहेर नाव कोरणारा बसायचा. अक्षरावर पैसे. आज्याने बापाचं नाव, आडनाव, सगळं कोरून घेतलं. एकही अक्षर वाचवलं नाही.

का नाही वाचवलं ते मला पुढे कळलं. गावच्या दप्तरात आज्याच्या बापाच्या नावामागे आडनाव नव्हतं, जात होती. ते दप्तर कुळकर्ण्याच्या बोरूने लिहिलेलं. आमच्याकडे अंगठा. गिरणीच्या मस्टरवर नाव अर्धं. आज्याने स्वतःच्या खिशातले पैसे मोजून आपलं नाव पहिल्यांदा पुरतं लिहवून घेतलं ती जागा म्हंजे ही पेनाची नळी.

या पेनाने आज्याने कविता लिहिली नाही. मनीऑर्डरचे फॉर्म भरले. चाळीतल्या बायकांची गावाकडची पत्रं लिहिली. रेशनकार्डाचे अर्ज, पोरांचे शाळेचे दाखले, जयंतीच्या वर्गणीचा जमाखर्च. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. त्या दिवसांत लोक पत्रं लिहवून घ्यायला आमच्या दारात बसायचे. ‘पैसे पाठवता येत नाहीत’ हे वाक्य आज्याने किती वेळा लिहिलं असेल! शाई कॅमलची. दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत शाईच्या पुड्या आणि गोळ्या विकत धंदा सुरू केला. आधी घोडा छाप होता, उंट मागून आला. तर ती कॅमलची शाईही संपात परवडेना. आजा शाईत पाणी घालायचा. पत्रं फिकी दिसायची, पण जायची.

आता माझी गोष्ट. मार्च २०२० ला लॉकडाऊन लागला. मी ज्या गिरणीत रिंग खात्यात कंत्राटावर होतो तिचा भोंगा त्या महिन्यात थांबला, तो परत वाजला नाही. आता मिळेल ते काम करतो. कुणी विचारलं तर अजून गिरणी कामगार म्हणूनच सांगतो. त्या टंचाईत आई म्हणाली, ट्रंकेत आज्याचं पेन आहे बघ. जुन्या वस्तूला भाव येतो म्हणतात.

चोरबाजारात मटन स्ट्रीटला गेलो. एका दुकानात काचेखाली पेनांची रांग लावलेली. दुकानदाराने आज्याचं पेन उजेडात धरलं, फिरवलं, नावावरून नख ओढलं आणि परत दिलं.

“नाम खुदा है भाई. किसी काम का नहीं.”

मी म्हटलं, जुनं आहे. सत्तावन सालचं.

“इसीलिए तो बोल रहा हूँ. पॉलिश मार के नाम निकाल के ला. फिर सौ-दोसौ का कुछ देखेंगे.”

तो वाईट माणूस नव्हता. मला चहा विचारला त्याने. धंद्याचा नियम सांगत होता. मी पेन खिशात घातलं आणि भेंडीबाजारातून चालत लालबागपर्यंत आलो.

नंतर वाचनालयातून, मोबाइलवरून, मिळेल तिथून वाचत गेलो. दुकानदार बरोबर होता. जुनी पेनं जमवणाऱ्यांची दुनिया जगभर पसरलीय आणि तिचे कायदे ठरलेत. टोपण मूळचं पाहिजे. निब मूळची पाहिजे. इबोनाइट काळं कुळकुळीत पाहिजे, उन्हाने तपकिरी पडलेलं चालत नाही. आणि नळीवर कुणा साध्या माणसाचं नाव असेल तर किंमत उतरते. सगळ्यात जास्त किंमत कशाला? जे पेन विकत घेतल्यापासून डबीतून निघालंच नाही त्याला. म्हंजे ज्याने आयुष्यात एक ओळ लिहिली नाही ते पेन उत्तम.

पण नावाचा नियम सगळ्यांना सारखा नाही, बरं का. २ सप्टेंबर १९४५ ला जपानच्या शरणागतीच्या कागदावर जनरल मॅकआर्थरने पाचसहा पेनांनी सही केली. त्यातलं एक बायकोचं नारिंगी पार्कर होतं. त्या पेनांची नावं इतिहासात गेली. मोठ्याचा हात लागला की पेन पवित्र. लहानाचं नाव लागलं की पेन बाटलं. हा सोवळ्याचा नियम आपल्याला नवा आहे का?

आणखी एक नमुना. २००९ साली माँब्लाँ कंपनीने गांधींच्या नावाने सोन्याचं पेन काढलं. दांडीयात्रेच्या २४१ मैलांची आठवण म्हणून २४१ पेनं. एकेकाची किंमत अकरा लाखांच्या वर. केरळात कोर्टकचेरी झाली आणि २०१० साली विक्री थांबवावी लागली. पेन्सिलीचा तुकडासुद्धा जपून वापरायचा म्हणून ज्याची ख्याती, त्याच्या नावाचं हे पेन! एवढ्या पैशात आमच्या खात्यातल्या किती माणसांचे किती वर्षांचे पगार निघाले असते याचा हिशेब मी आज्याच्याच पेनाने केला. आकडे इथे देत नाही. तुम्ही स्वतः मांडून बघा.

पण नुसता राग येऊन भागत नाही. सुंदर काय ते आपल्यालाही सांगता आलं पाहिजे. नाहीतर त्यांचं क्लासिक त्यांच्याकडे आणि आपल्याकडे नुसती शिवी.

ते मला गिरगावात कळलं. ठाकूरद्वारच्या बाजूला एका गल्लीत जिन्याखाली एक म्हातारे काका पेनदुरुस्ती करतात. आज्याचं पेन लिहायला घेतलं की कागद खरवडायचं, म्हणून घेऊन गेलो. काकांनी पेन खोललं आणि मला शेजारी बसवून एकेक भाग दाखवला.

फाउंटन पेन म्हंजे शाई आणि हवा यांचा हिशेब. थेंबभर शाई खाली उतरली की तेवढी हवा वर गेली पाहिजे. हवा वर गेली नाही तर शाई अडते, जास्त गेली तर डाग. निबेखाली काळी जिभली असते, तिच्यात केसासारख्या खाचा. खाचांतून शाई आपोआप पुढे सरकते, दिव्याच्या वातीत तेल चढतं तशी. अमेरिकेत वॉटरमनने १८८४ साली पेटंट घेतलं ते या जिभलीचं. आज्याच्या पेनात दुसरं काही यंत्र नाही. पोकळ नळी, आटे, जिभली, निब. शाई निम्म्याच्या खाली गेली की हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. आज्याच्या सगळ्या सदऱ्यांना खिशाखाली निळा डाग का होता ते मला तेव्हा समजलं.

मग निब. सगळे म्हणतात सोन्याची निब, सोन्याची निब. पूर्वीच्या शाईत आम्ल असायचं, ते पोलादाला खायचं, सोन्याला खात नसे. सोन्याचा खरा उपयोग तो. पण सोनं मऊ. कागदावर घासलं तर चार दिवसांत संपेल. म्हणून टोकाला इरिडियमसारख्या कठीण धातूचा मोहरीहून बारीक दाणा जोडतात. लिहितो तो दाणा. मिरवतं ते सोनं. काका हे सांगून हसले नाहीत. मी हसलो.

काकांकडे दुरुस्तीला आलेलं एक पार्कर ५१ होतं. १९४१ साली बाजारात आलेलं मॉडेल. तेही हातात घेऊन बघितलं. सुंदर आहे, नाही म्हणण्यात अर्थ नाही. निब जवळजवळ पूर्ण झाकलेली. ती शोभेसाठी झाकलेली नाही, लवकर वाळणारी शाई निबेवर सुकू नये म्हणून. गरजेतून आकार आलाय, वरून चिकटवलेला नाही. गिरणीतला धोटा असाच सुंदर असतो. दोन्ही टोकांना निमुळता, मधे पोकळ, सगळीकडून गुळगुळीत. एक जादा वळण नाही. कुणी त्याला क्लासिक म्हणत नाही एवढंच.

शेवटी काकांनी आज्याच्या निबेचं टोक भिंगाखाली धरलं. बराच वेळ बघत राहिले.

“आजोबा डावखुरे होते का रे?”

“नाही काका. उजव्या हाताची तर्जनी अर्धी होती. मशीनमध्ये गेलेली.”

“तरीच. पेन मधल्या बोटावर आडवं टाकून, बाहेर वळवून धरायचे. हे बघ, एकाच बाजूने घासलंय.”

त्यांनी भिंग मला दिलं. दाण्याच्या एका कडेला तिरकी, चकचकीत, सपाट जागा होती. चाळीस वर्षं कागदावर घासून झालेली. माझ्या बोटांना दाण्याची दुसरी बाजू लागत होती, ती न घासलेली, म्हणून खरवडत होतं. काका म्हणाले, निब बदलू नकोस. ही जागा पुन्हा व्हायची नाही. पाहिजे तर तू पेन त्यांच्यासारखं धरून बघ.

मी धरलं. तर्जनी वर उचलली, पेन मधल्या बोटावर आडवं टाकलं, थोडं बाहेर वळवलं. खरवड थांबली. शाई एकदम सरळ उतरली.

मला हे ओळखीचं होतं. रिंग खात्यात फ्रेमला नव्या रिंगा बसवल्या की पहिल्या दिवसापासून पूर्ण वेग देत नाहीत. रिंगेवर पोलादाचा नखाएवढा आकडा फिरतो, त्याला ट्रॅव्हलर म्हणतात. सूत त्याच्यातून जातं आणि पीळ घेऊन बॉबीनवर बसतं. नवी रिंग आणि ट्रॅव्हलर एकमेकांना घासून जमवून घेतात, तोवर वेग कमी ठेवायचा, ट्रॅव्हलर लवकर लवकर बदलायचे. घाई केली की सूत तुटतं. रिंग मुरली की फ्रेमचा आवाजच बदलतो. जुना कामगार डोळे मिटून सांगतो, ही मुरलेली फ्रेम.

मुरलेलं. मला पाहिजे होता तो शब्द हा. अभिजात नको, क्लासिक नको. अभिजात म्हंजे जन्मतःच चांगलं. हा तर मनूचा नियम झाला, पेनाला लावलेला. डबीतून न निघालेलं पेन उत्तम, कारण ते जसं जन्मलं तसंच आहे. आपण नेमकं उलटं म्हटलं पाहिजे. पेन जन्माने काही नसतं. पोलादाची पट्टी आणि रबराची नळी. कामाने, हाताने, वर्षांनी ते सुंदर होतं. आज्याची अर्धी तर्जनी ज्या गिरणीने घेतली तिने एक कागदसुद्धा ठेवलेला नाही. त्या बोटाची नोंद या दाण्याच्या तिरक्या कडेवर आहे. ती पॉलिश करून काढा म्हणणाऱ्याला सुंदरता कळत नाही, त्याला फक्त भाव कळतो.

आता थोडं आपल्याच घरात बघू.

बाबासाहेबांच्या कोटाच्या खिशाला पेन असतं. चौकाचौकातला पुतळा बघा, मूर्तिकार पेन विसरत नाही. त्यांना चांगल्या पेनांची आवड होती. पुण्याला सिम्बायोसिसच्या संग्रहालयात त्यांच्या वापरातल्या वस्तू जपून ठेवल्यात, त्या बघायला आपण रांगा लावतो. लावल्याच पाहिजेत. परळच्या बीआयटी चाळीत राहून ज्याने ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ काढला, ३ एप्रिल १९२७ पासून ‘बहिष्कृत भारत’चे रकानेच्या रकाने एकट्याने लिहून भरले, त्याच्या हातातली वस्तू आहे ती.

पण सभांमधून आपण काय ऐकतो? बाबासाहेबांनी आपल्या पेनाने संविधान लिहिलं, त्या पेनाला वंदन करा. दोस्तहो, संविधानाची जी सुंदर हस्तलिखित इंग्रजी प्रत आहे ती प्रेम बिहारी नारायण रायजादा यांच्या हातची. फाउंटन पेनसुद्धा नाही, टाक. दौतीत बुडवून, ३०३ नंबरच्या निबा वापरून, सहा महिने बसून त्यांनी ती लिहिली. त्या प्रतीवर २४ जानेवारी १९५० ला सदस्यांनी सह्या केल्या. बाबासाहेबांचं काम वेगळं आणि त्याहून अवघड. मसुदा. संविधान सभेत ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यातल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. एकेकीला उत्तर, एकेक शब्दाचं वजन, पुन्हा खोडणं, पुन्हा लिहिणं. हे काम एका चमकत्या पेनाच्या चित्रात मावत नाही. आपण काम विसरतो आणि पेन पुजतो. राजकारणातली भक्ती अधोगतीकडे नेते, हे २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी स्वतःच बजावलं होतं.

मोठ्याचं पेन काचेत आणि आज्याचं पेन भंगारात, हा नियम चोरबाजारातल्या दुकानदाराचा. तोच आपण घरी पाळत असलो तर आपल्यात आणि त्याच्यात फरक काय राहिला? बाबासाहेबांच्या मागे जी हजारो माणसं रात्रशाळेत बसली, अंगठा सोडून सहीला आली, ज्यांनी वर्गणीचे हिशेब ठेवले, सभेच्या नोंदी लिहिल्या, त्यांची पेनं गेली कुठे? बीडीडीच्या चाळी पाडून टॉवर उभे राहतायत. घरं रिकामी करताना ट्रंका उपसल्या जातात, भंगारवाला दारात उभा असतो, आणि पितळेच्या तांब्याबरोबर पेनही जातं.

१४ एप्रिलला, ६ डिसेंबरला हार-मेणबत्त्यांऐवजी एक वही, एक पेन आणा, असं आवाहन गेली काही वर्षं होतंय. चांगलं आहे, मीही नेतो. त्याला माझी एक पुरवणी. नवं पेन द्या, आणि जुनं शोधा.

ट्रंकेत, फडताळात, फोटोच्या मागे, कुठे आज्याचं, आजीचं, बापाचं पेन सापडलं तर आधी घासू नका. गरम पाण्यात टाकू नका, इबोनाइट तपकिरी पडतं. स्पिरिट लावू नका. पाण्यात बुडवून ठेवू नका, साध्या गार पाण्याने आतून पुन्हा पुन्हा धुवा, वाळलेली शाई हळूहळू सुटते. आटे जाम असतील तर पक्कड लावू नका, माझ्याकडे आणा. टोपण दुसऱ्याचं असेल तर असू दे. निब बदलू नका. आणि नाव कोरलेलं असेल तर त्या नावावर पॉलिशचा हात फिरवू देऊ नका, भाव दुप्पट मिळाला तरी.

येत्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहाला आपल्या वाचनालयात बसू. पेनं घेऊन या. प्रत्येक पेनाची वहीत नोंद करायची. कुणाचं, कुठल्या गिरणीतला किंवा कुठल्या घरकामातला माणूस, कुठल्या शाळेत शिकला, पेनाने काय काय लिहिलं. गिरगावचे काका येतो म्हणालेत, भिंग घेऊन. ज्यांची पेनं चालू होतील त्यांनी ती परत काचेत ठेवायची नाहीत. त्याच पेनाने पुढच्या अंकाचा मजकूर लिहून द्यायचा. स्टेन्सिल मी कापतो.

शाईची बाटली माझ्याकडे आहे. वह्या तुम्ही आणा.

जयभीम.